मे सरला तरी अळू-हळद वर नाही, वाफा खणून टाकू का?

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रॉलीजवळच्या कॅरीत राहतो. दोन वर्षांपूर्वी घरामागे एक लांब वाफा केला. त्यात सोनटक्का, अळू, हळद, कर्दळ, निशिगंध, घाणेरीची दोन झुडपं आणि दुकानातून आणलेली लाल जास्वंद लावली. गेल्या वर्षी बाग अशी भरली की गणपतीत पातोळ्यांना हळदीची पानं घरची निघाली. ऑक्टोबरात मी सगळं जमिनीलगत छाटलं आणि वर सहा इंच पालापाचोळा पसरला. आता मे संपत आला. विटांच्या भिंतीलगतची कर्दळ गुडघाभर झाली, पण कुंपणाकडची दिसत नाही. निशिगंधाची पाती आली आहेत. अळू, सोनटक्का, हळद यांचा मात्र पत्ता नाही. घाणेरी आणि जास्वंद यांचे नुसते खुंट उरलेत. एप्रिलपासून रोज सकाळी स्प्रिंकलर लावते, दोनदा खतही घातलं. मोकळ्या वाफ्याबद्दल एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नोटीस आली आहे. यजमान म्हणतात, मेमोरियल डेच्या सेलमधून नवी रोपं आणू आणि हे सगळं खणून काढू. खरंच गेलं का सगळं?
ता. क. गॅरेजात ठेवलेल्या कडीपत्त्याची सगळी पानं गळली आहेत.
– एक वाचक, कॅरी

उत्तर :

ताई, सगळं गेलेलं नाही. एक झाड बहुतेक गेलं आहे, त्याचं पुढे सांगते. बाकीच्यांसाठी मृग सरेपर्यंत खुरपं हातात घेऊ नका. यजमानांनाही माझ्यातर्फे एवढं सांगा की सेल पुन्हा येतील, पण दोन वर्षं मुरलेला सोनटक्क्याचा गड्डा सेलमध्ये मिळत नाही.

मृगाचं नाव मी उगीच घेतलं नाही. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत परसात उभं राहून पाहिलंत तर काय दिसतं? तेरं नाही, रानहळद नाही, कळलावी नाही. जमीन भाजून निघालेली असते आणि हे सगळे कंद खाली निवांत पडून असतात. सात-आठ जूनच्या आगेमागे मृगाच्या सरी येतात आणि आठवड्याभरात जिथे काहीच नव्हतं तिथे हिरवी टोकं दिसायला लागतात. म्हणजे वर्षातले काही महिने पूर्ण नाहीसं होणं आणि उशिरा उगवणं हा या झाडांचा मूळचा स्वभाव आहे. त्यांना कॅरोलिनात नेलं म्हणून तो बदलत नाही. फक्त झोपेचा काळ उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात जातो.

पण एक फरक आहे, आणि तुमच्या वाफ्याची सगळी अडचण त्या फरकात आहे. कोकणात मे महिन्यात ऊब भरपूर असते आणि पाणी नसतं, म्हणून कंद पाण्याची वाट पाहतो. कॅरीत हिवाळाभर पाऊस झालेला असतो, जमीन ओली असते आणि ऊब नसते, म्हणून तोच कंद उबेची वाट पाहतो. आपल्या हाताला लागलेली सवय अशी की उगवलं नाही तर पाणी घाला. गावी ते बरोबर होतं. कॅरीत, गार आणि ओल्या मातीत झोपलेल्या गड्ड्यावर रोज सकाळी पाणी घालणं म्हणजे त्याला कुजायला मदत करणं. त्याला अजून मुळं फुटलेली नाहीत, पानं नाहीत, त्यामुळे ते पाणी तो पिऊ शकत नाही. खताचंही तसंच. आज स्प्रिंकलर बंद करा आणि खताची पिशवी जुलैपर्यंत आत ठेवून द्या.

आता तुमच्याच पत्रातली खूण पाहा. भिंतीलगतची कर्दळ गुडघाभर झाली आणि कुंपणाकडची वर आली नाही. बेणं एकच, लागवड एकाच दिवशीची, हिवाळाही तोच. फरक विटांचा आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री पायथ्याची माती उबदार ठेवते. कुंपणाकडे ती सोय नाही, आणि वर सहा इंच पाला. पाल्याने हिवाळ्यात आपलं काम केलं, त्याबद्दल तुम्हाला शंभर गुण. पण जो थर थंडी खाली जाऊ देत नाही तोच मे महिन्यात ऊनही खाली जाऊ देत नाही. तुमच्या भागात शेवटचं फ्रॉस्ट साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत होऊन जातं. त्यानंतर तो पाला बाजूला ओढायला हवा होता. अजून वेळ गेलेली नाही. आज संध्याकाळी हाताने किंवा दाताळ्याने तो सारून वाफ्याच्या कडेला ढीग करा, माती उघडी पडू द्या. फावडं नको. खाली कोंब असेल तर तो काचेसारखा तुटतो.

मग एक मोजमाप करा. स्वयंपाकघरात भाजलेल्या पदार्थाचं, केकचं तापमान बघायला टोकदार थर्मामीटर असतो ना, तो सकाळी आठच्या आत मातीत चार इंच खुपसा. एकदा भिंतीलगत, एकदा कुंपणाकडे. दोन मिनिटं थांबून आकडा लिहून ठेवा. अळू आणि हळद मातीचं तापमान ६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १८ सेल्सिअसच्या वर जाऊन टिकल्याशिवाय हालचाल करत नाहीत. हळदीला तर त्याहून जास्त, वीसच्या पुढे आवडतं. दुपारी हवा तीस अंशांची झाली, आपण अर्ध्या बाह्यांचे कपडे घातले, म्हणून मातीही तापली असं होत नाही. लाल चिकणमाती ओली असली की फार सावकाश तापते, आणि रॉलीच्या आसपासची बहुतेक माती तशीच आहे. दोन जागांच्या आकड्यांत तीन-चार अंशांचा फरक दिसला तर नवल मानू नका. पाला काढल्यावर आठवड्याने पुन्हा मोजा. कोंब कधी येणार याचा अंदाज कॅलेंडरपेक्षा त्या आकड्यावरून जास्त नीट येतो.

तुमच्यासारख्या हवामानात यांचा वर येण्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. कर्दळ आणि निशिगंध आधी, मग सोनटक्का आणि अळू, आणि हळद सर्वांत शेवटी, बरेचदा जून लागल्यावर. म्हणजे हळद न दिसणं ही आजच्या तारखेला तक्रारच नाही. सोनटक्का आणि अळू उशिरा आहेत, पण पाला आणि गार पाणी धरलं तर हिशेबात बसतात. उशीर नेहमी वाईट असतो असंही नाही. मार्चमध्ये चार दिवस गरम गेले की घाईने वर आलेला कोंब एप्रिलच्या एका पहाटेत काळा पडतो, आणि मग गड्ड्याला साठ्यातला पिठूळ अंश मोडून दुसरा डोळा फोडावा लागतो. दोनदा असं झालं की झाड वर्षभर मरगळलेलं राहतं.

तरी जीव राहवत नसेल, तर खणण्याऐवजी चाचपून पाहा. एकाच गड्ड्याची कड निवडा, बोटांनी वरची दोन-तीन इंच माती अलगद बाजूला करा. सोनटक्क्याचा कंद जमिनीच्या अगदी वरच्या थरात आडवा पसरलेला असतो, त्यामुळे तो लवकर हाताला लागतो. अंगठ्याने दाबा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर तो जिवंत आहे. नखाने साल जराशी खरवडली तर आतून पांढुरका दिसेल आणि आल्याच्या जवळचा वास येईल. त्याच्या कडेला, जुन्या दांड्याच्या खुणेजवळ, फिकट गुलाबी टोक दिसलं, अगदी तांदळाच्या दाण्याएवढं, तर काम झालं. माती पुन्हा वर लोटून निघून या. कर्दळीचा डोळा आणखी लालसर आणि टोकदार असतो. अळूचा गड्डा खोल असतो, तो उकरू नका. जुन्या देठाचं वाळकं बूड हलकेच ओढून पाहा. खाली घट्ट धरून असेल तर आहे. बुळबुळीत होऊन अलगद हातात आलं आणि नाकाला सडका वास आला, तर तेवढा गेला. पण त्याच्या शेजारच्या लहान अळकुड्या बहुधा शाबूत असतात. मोठा गड्डा कुजला तरी त्याच्या पोटी लागलेले छोटे पुष्कळदा टिकतात, म्हणून एक कुजका सापडला की सगळी रांग उपटू नये.

अशा झाडांची चौकशी करताना सगळे झोनबद्दल, म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्याबद्दल, विचारतात. अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३च्या नकाशात रॉली-कॅरीचा परिसर ८ए मध्ये येतो, म्हणजे हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचं सरासरी तापमान उणे १२ ते उणे ९ सेल्सिअसच्या दरम्यान. तो नकाशा १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर बेतलेला आहे. माहिती उपयोगाची आहे, पण अपुरी. माती किती ओली राहते आणि झाड कधी जागं होतं, हे तो सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कॅरोलिनात आपल्याकडची कंदवर्गीय झाडं थंडीने जेवढी मरतात त्याहून जास्त थंडीतल्या ओलीने मरतात. पुढच्या वर्षीसाठी काही करायचं असेल तर वाफा सहा-आठ इंच उंच करा आणि चिकणमातीत पाइनच्या सालीचा चुरा मिसळा. तिथल्या नर्सरीत तो सहज मिळतो. वाळू मात्र मिसळू नका. चिकणमाती आणि थोडी वाळू एकत्र आली की माती आणखी घट्ट बसते.

खतावर पैसे घालण्याआधी मातीही तपासून घ्या. नॉर्थ कॅरोलिनाच्या कृषी खात्याकडून घरगुती बागेच्या मातीची तपासणी एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत मोफत होते. डिसेंबर ते मार्च थोडं शुल्क पडतं. नमुन्याचे डबे काउंटीच्या एक्स्टेन्शन, म्हणजे कृषी-विस्तार, कार्यालयात मिळतात. तिथेच मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, असतात, त्यांना कुजका तुकडा पिशवीत घालून दाखवलात तरी ते नीट बघून सांगतात. आणि एखाद्या शनिवारी यजमानांना घेऊन रॉलीतल्या जे. सी. रॉलस्टन आर्बोरेटम या वनस्पती उद्यानात फिरून या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथे नाजूक कंदांची झाडं उघड्यावर, तुमच्याच मातीत आणि तुमच्याच हिवाळ्यात वाढवलेली आहेत. तिथे काय वर आलं आहे आणि काय नाही हे डोळ्यांनी पाहिलं की घरात खणण्याचा विषय आपोआप मागे पडेल.

घाणेरीचं वेगळं आहे. तिला कंद नाही. ती बुडातून, जुन्या लाकडाच्या गाठीतून फुटते, आणि तुमच्याकडे मे संपेपर्यंत तिने वाट पाहायला लावणं नेहमीचं आहे. तुम्ही तिला ऑक्टोबरात जमिनीलगत छाटलंत, ते यंदा तिला जड गेलं असेल. कापलेल्या दांड्यांतून हिवाळ्याचं पाणी बुडात उतरतं आणि तिथे गोठतं. पुढच्या वेळी काटक्या कितीही भकास दिसल्या तरी हिवाळाभर तशाच ठेवा आणि खाली हिरवी फूट दिसल्यावर छाटा. आत्ता खुंटाच्या बुडाशी, अगदी मातीला लागून, नखाने साल खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जूनच्या मध्यापर्यंत ती फुटेल. जातीवरही बरंच आहे. ‘मिस हफ’ नावाची घाणेरी तिथल्या थंडीत वर्षानुवर्षं टिकते. दुकानाबाहेर मांडलेल्या बिननावाच्या रंगीत घाणेऱ्या बहुधा एका उन्हाळ्याच्या असतात. तुमच्याकडची कोणती हे पाटीवर असेल तर बघा.

कर्दळीचे मात्र जुने दांडे ठेवू नयेत. पानं गुंडाळून आत राहणारी अळी त्या वाळक्या पानांत हिवाळा काढते. ते तुम्ही छाटलेत हे बरं केलंत.

आता जास्वंदीचं. दुकानातून आणलेली, चकचकीत पानांची लाल जास्वंद म्हणजे आपल्या अंगणातली तीच. तिला जमीन गोठवणारी थंडी सोसत नाही. बुडाशी खरवडून पाहा, पण आत तपकिरी आणि कोरडं निघेल असं मला वाटतं. तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुन्हा आणलीत तर कुंडीत लावा आणि शरदात रात्री दहा अंशांच्या खाली जायला लागल्या की आत घ्या. जमिनीतच हवी असेल तर तिची चुलत बहीण आणा, रोझ मॅलो. ती अमेरिकेच्या पूर्व भागातलीच आहे. दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते आणि तीही इतकी उशिरा फुटते की दरवर्षी लोक तिला मेलेली समजून उपटतात. तिच्यातली ‘लॉर्ड बाल्टिमोर’ ही जात लाल फुलांची आहे. फूल ताटलीएवढं होतं आणि बहर भर उन्हाळ्यात येतो. देवाला जास्वंद वाहायची सवय असेल तर ही जात मनासारखी वाटेल.

एचओएला उत्तर द्यायचं तर वाफा हिरवा दिसला पाहिजे, हे खरं. जिथे जिथे कंद आहेत तिथे आधी काड्या रोवून खुणा करा. मधल्या मोकळ्या जागेत तेरड्याचं बी पेरा. तिकडे ते बाल्सम या नावाने पाकिटात मिळतं. मुळं वरवर राहतात, कंदांना त्रास होत नाही, आणि आत्ता पेरलं तर ऑगस्टमध्ये फुलतं. गौरीला तेरडा लागतोच. तोवर कडेला झेंडूची चार तयार रोपं लावून टाका. नोटिशीला लेखी उत्तरात झाडांची नावं, ती उशिरा उगवतात हे, आणि गेल्या ऑगस्टचा बहरलेल्या बागेचा एक फोटो जोडा.

पातोळ्यांची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण पत्रात ती जाणवली. जूनमध्ये हळद वर आली की गरम आणि दमट जुलैत ती झपाट्याने वाढते, गणपतीपर्यंत पान गुंडाळण्याजोगं होतं. मला तरीही खात्रीचा बंदोबस्त आवडतो. भारतीय किराणा दुकानातून ताजी, टपोऱ्या डोळ्यांची ओली हळद आणा, दोन तुकडे कुंडीत लावा आणि ती कुंडी त्याच विटांच्या भिंतीशी ठेवा. कुंडीतली माती लवकर तापते, म्हणून त्या हळदीला आधी पानं येतील. पुढच्या वर्षी हे मार्चमध्येच घरात, खिडकीशी करा. अळूचंही एखादं अळकुडं दर शरदात काढून, माती झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजात कोरडं ठेवत चला. आणि वाफ्यातला अळू शोभेचा म्हणून विकत आणला असेल तर वड्या करण्याआधी खात्री करून घ्या. शोभेच्या सगळ्या जाती खाण्याजोग्या नसतात आणि काहींनी घसा भयंकर खाजतो.

२५ जूनपर्यंत थांबून, माती नीट तापूनही जिथे काहीच आलं नाही, तिथे मात्र बिनदिक्कत खणा. टणक निघालेला कंद कुंडीत कोरडसर मातीत लावा, कुजलेला कचऱ्यात टाका. त्या जागी लावायला तेव्हाही उशीर झालेला नसतो. तिथला उन्हाळा सप्टेंबरअखेरपर्यंत पुरतो.

राहिला कडीपत्ता. थंड आणि अंधाऱ्या गॅरेजात त्याने पानं टाकणं साहजिक आहे. फांदी खरवडा. हिरवी असेल तर शेंडे दोन-तीन इंच छाटा आणि पाणी अगदी कमी द्या, माती वरून दोन बोटं कोरडी झाल्यावरच. आता रात्री उबदार झाल्या आहेत, तेव्हा कुंडी बाहेर काढा. पण पहिला आठवडा पूर्ण सावलीत, मग सकाळचं ऊन, आणि नवी फूट बोटभर झाल्यावर पूर्ण ऊन. फांदी वाळलेली निघाली तर बुडापासून फूट येते का ते महिनाभर पाहा. दुसरं रोप मागवायची वेळ आली तर परराज्यातून ऑनलाइन मागवण्याआधी विक्रेत्याला तुमच्या राज्यात पाठवता येतं का ते विचारा. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी कीड कडीपत्त्यावरही राहते, म्हणून त्याच्या ने-आणीवर काही राज्यांत निर्बंध आहेत.